ठमीचा उजवा हात

गुरुवार, १३ ऑगस्ट १९३१. आषाढ अमावास्या. सकाळी समया, निरांजने, लामणदिवा घासून पाटावर मांडले. कणकेचे दिवे केले. पाऊस दुपारपर्यंत सारखा. मांडवात रोगी एकतीस. अंग पेटलेले चार: तीव्र एक, मध्यम एक, सौम्य दोन. ठमी: डावी बांगडी तीन बोटे सरकते, उजवा —. सौम्य. तेलाची सुई दिली. रहाटाचा दोर बदलला.

ही नोंद माझ्या हाताची आहे. पन्नासाहून अधिक वर्षे मी रोज रात्रीच्या जेवणाआधी डायरी लिहीत आले आणि बहुतेक पाने मला पुन्हा वाचावीशी वाटत नाहीत. हे पान मी पुष्कळदा वाचले आहे. अक्षर सुरेख आहे. समया घासल्याचे खरे आहे, पाऊस खरा आहे, एकतीस हा आकडाही बरोबर असणार. चूक फक्त ठमीच्या ओळीत आहे.

ठमी कोळीण होती. नागावच्या दक्षिणेला असलेल्या एका कोळीवाड्यातली. गावाचे नाव लिहीत नाही, कारण तिची नातवंडे तिथे नांदत आहेत. नवरा हिरामण, स्वतःची होडी असलेला. एक मुलगी, शकू, तेव्हा सहा वर्षांची. ठमी मला प्रथम भेटली तेव्हा पंचविशीची असेल. अंगाने सडसडीत, बोलायला फटकळ, आणि हसली की समोरच्या दोन दातांमधली फट दिसायची. पाठीवर आणि उजव्या दंडावर तिला फिकट बधिर चट्टे होते. लुगड्याच्या पदराखाली ते झाकून जात.

आम्ही नागावला राहत होतो. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा. आमचे हे डॉक्टर. आठवड्यातले बाकीचे दिवस पुढच्या ओटीवर साधे रोगी येत. गुरुवारी मात्र वाडीत, रस्त्यापासून आत, पोफळींच्या पलीकडे झावळ्यांचा मांडव होता तिथे महारोगी येत. तेलाची सुई हाच तेव्हाचा उपाय. कडू कवठाच्या बियांचे तेल, दाट आणि उग्र वासाचे. भागुबाई म्हणून एक विधवा कोळीण आमच्याकडे कामाला होती, ती चुलीवर सुया उकळायची. हे सुई द्यायचे. मी रोग्यांची वही लिहायची.

लोकांना वाटते की ह्या रोगात काही दुखत नाही. ते अर्धेच खरे आहे. बधिर चट्टा दुखत नाही, जळला तरी कळत नाही. पण मधूनच, कधी पावसात, कधी बाळंतपणानंतर, कधी तेल जास्त झाल्यावर, रोग पेट घेतो. जुने चट्टे लाल होऊन फुगतात, ताप भरतो, हातापायांवर सूज येते, आणि कोपराच्या आतल्या बाजूची नस दोरासारखी ताठ होऊन ठणकते. ह्यांच्या पुस्तकात त्याला रिॲक्शन म्हणत. रोगी म्हणत, “अंग पेटलं.” त्या दिवसांत एकच गोष्ट ठरवायची असे. पेट हलका असेल तर तेल कमी करून चालू ठेवायचे. जोराचा असेल तर सुई बंद, रोग्याला मांडवामागच्या खोलीत निजवायचे, सोड्याचे पाणी द्यायचे, दुखता हात कळकाच्या कामट्यांना बांधून ठेवायचा आणि वाट पाहायची. हलका समजून जोराच्या पेटात तेल दिले तर नस आतल्या आत मरते, आणि मग बोटे वळतात. वळलेले बोट पुन्हा सरळ होत नाही.

हलका की जोराचा, हे पाहायला ह्यांनी रकाने आखून दिले होते. ताप, चट्टे, डोळे, सूज, नस. पुरुषांना हे स्वतः पाहत. बायका परक्या पुरुषाला दंड दाखवायला तयार नसत, म्हणून त्यांच्यापुरते ते काम माझ्याकडे आले. सुजेचा रकाना भरताना माझी पंचाईत होई. फुगलेला हात आणि मुळातच गुबगुबीत हात ह्यांत फरक कसा करायचा? तेव्हा मला बांगडीची युक्ती सुचली. मनगटावरची बांगडी कोपराकडे किती बोटे वर सरकते ते पहिल्या गुरुवारी मोजून ठेवायचे आणि मग दर गुरुवारी ताडून पाहायचे. पाच बोटांवरून दोनवर आली की हात सुजला. ह्यांना ती युक्ती फार आवडली. “हे कुठल्याच पुस्तकात नाही,” असे ते म्हणाले होते, आणि मी ते त्या दिवशीच्या पानावर लिहूनही ठेवले आहे.

माझे शिक्षण मुंबईला नन्सच्या शाळेत झाले. तिथल्या सिस्टरनी मला दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या. एक, वहीत रकाना रिकामा ठेवू नये. लिहिण्यासारखे काही नसेल तर आडवी रेघ ओढावी. दुसरी, माणूस जे आपण होऊन सांगत नाही ते खोदून विचारू नये. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत असे मला अजून वाटते.

ठमी पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या डाव्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. उजवा हात मोकळा. मी विचारले, “ह्या हातातल्या कुठे गेल्या?”

ती हसली. “लग्नात दर्याला दिल्या, डॉक्टरीणबाय. डावा हात घोवाचा, उजवा दर्याचा. मंग दर्या घोवाला परत पाठवतो.”

नवरा दर्यावरून परत यावा म्हणून. मी त्यांच्यातली नव्हे. मला ते ऐकून फार बरे वाटले, आणि त्या दिवशी मी ते डायरीत उतरवूनही घेतले. वहीत मात्र तिच्या नावापुढे ‘डावा’खाली पाच बोटे लिहिली आणि ‘उजवा’खाली रेघ ओढली. बांगडी नाही, तर मोजणार काय? त्या गुरुवारपासून ती रेघ दर आठवड्याला खाली उतरत गेली.

नस पाहण्याचे काम मी हाताने करत असे. कोपराच्या हाडाशेजारी अंगठा ठेवून हलके दाबायचे आणि चेहऱ्याकडे पाहायचे. दोन्ही कोपरे दाबायची असा नियम होता आणि पहिले काही गुरुवार मी तो पाळला. जुलैच्या अखेरीपासून ठमी आली की स्वतःच डावा हात माझ्या मांडीवर ठेवायची आणि उजवा पदरात गुंडाळून घ्यायची. एकदा मी तो मागितला तर म्हणाली, “त्यो दर्याचा हाय. पावसाळ्यात त्याला हात न्हाय लावायचा. नारळ पडू द्या दर्यात, मंग बघा काय बघायचं ते.”

मला वाटले, ही त्यांच्यातली चाल असेल. मी पुढे विचारले नाही.

दिव्यांच्या अवसेच्या त्या गुरुवारी ठमीला ताप होता, अंगावर नव्याण्णव आणि वर थोडा. पाठीवरचे चट्टे लालसर होते. डावी बांगडी पाचावरून तीन बोटांवर आली होती. मी तिचे डावे कोपर दाबले. तिने मला विचारले, “आज तुमच्या घरात दिव्यं लावतात ना? किती लावलं?” मी म्हटले, “अकरा.” ती म्हणाली, “आमच्याकडं येकच. पन वात मोठी.” आणि हसली, दातांतली फट दिसेपर्यंत. दुखत असलेले माणूस असे हसत नाही असे मला वाटले. मी सौम्य लिहिले. ह्यांनी वहीत पाहून तेल दिले.

वीस तारखेला ती आली नाही.

सत्तावीस तारखेला, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, हिरामण तिला बैलगाडीत घालून घेऊन आला. हिरामणला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मोठ्या हाडाचा, खांदे पुढे आलेला, कोणाकडे न पाहणारा माणूस. ठमीचा ताप एकशे तीनवर होता. तिला मांडवामागच्या खोलीत निजवले. ह्यांनी पदर बाजूला केला आणि उजवा हात हातात घेतला. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळले होते. कोपराजवळ सुपारीएवढी गाठ, वरची कातडी चकचकीत, आणि दंडापर्यंत गेलेली नस बाहेरून डोळ्यांना दिसत होती.

“कधीपासून?” ह्यांनी विचारले.

तिने तोंड भिंतीकडे फिरवले. हिरामणच म्हणाला, “आवसेच्या अगुदर दोन आठवडं. घरात वरडत व्हती, बाहेर न्हाय.”

ह्यांनी माझ्याकडे हात केला. मी वही दिली. त्यांनी ठमीच्या नावाखालच्या सगळ्या ओळी वाचल्या, वरपासून खालपर्यंत, आणि मग लाल पेन्सिलीने त्या रेघांवर बोटाने ठोकल्यासारखे ठोकले.

“ही रेघ म्हणजे काय? सूज नाही, की पाहिले नाही?”

मी म्हटले, “पाहिले नाही.”

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. रोग्यांसमोर ते मला कधी बोलत नसत. एकांतातही ह्या गोष्टीवर आपण होऊन पुन्हा बोलले नाहीत, आणि ते मला अधिक जड गेले.

भागुबाई चुलीपाशी सुया उकळत होती. गाठ फोडायला ह्यांना गरम पाणी हवे होते ते घेऊन ती आली. मी तिला हळूच विचारले, “पावसाळ्यात उजव्या हाताला शिवायचे नाही अशी चाल आहे ना तुमच्यात?”

“कोन म्हनलं?” भागुबाईने पातेले दाणकन ठेवले. “बांगड्या देतात दर्याला. हात न्हाय देत! हात दिला तर मासली काय पायानं कापायची?” मग ठमीकडे पाहून तिने कपाळाला हात लावला. “ए भवाने, काय सांगितलंस तू ह्या भोळ्या बाईला?”

ठमी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती म्हणाली, “पंधरा दिस पायजे व्हते मना. फक्त पंधरा दिस.”

ते पंधरा दिवस कशासाठी, ते मला नंतर कळले. ठमीच्या अंगावर काय आहे हे कोळीवाड्यात हिरामणखेरीज कोणाला ठाऊक नव्हते. पोटाच्या दुखण्याची सुई घ्यायला जाते असे ती सांगायची. चट्टे झाकता येतात. पण मी तीव्र लिहिले असते तर तिला मांडवामागच्या खोलीत ठेवली असती, आणि नारळी पौर्णिमेला होडीच्या मालकाची बायको पूजेला नाही म्हटल्यावर वाड्यात प्रश्न उठले असते. पौर्णिमेला सगळ्यांसमोर उभे राहायचे, नारळ दर्यात पडला की होड्या जातील, बाया बाजाराला लागतील, मग कोणी कोणाकडे पाहत नाही. तेव्हा आपण होऊन सांगायचे, असा तिचा हिशोब होता. घर टिकवायला तिने हात लपवला. आणि वळलेली बोटे तर कशानेच झाकली जात नाहीत. वाड्यात चट्टे झाकलेली बाई चालून जाई, बोटे वळलेली नाही.

दुसऱ्या दिवशी हिरामणने नारळ एकट्याने दिला.

तेल दिले नसते तर बोटे वाचली असती का? मी ह्यांना ते एकदाच विचारले. ते म्हणाले, “सांगता येत नाही. हात बांधून ठेवला असता तर कदाचित.” ह्या ‘कदाचित’चे वजन मी आजवर केलेले नाही.

ठमी पाच आठवडे मागच्या खोलीत होती. जखम भरली, ताप उतरला, बोटे तशीच राहिली. घरी जायचा दिवस ठरला तेव्हा हिरामण आला आणि वाडीच्या दगडी गडग्याबाहेर उभा राहिला. मी पुढे गेले.

“मी काय करू, डॉक्टरीणबाय?” तो म्हणाला. “होडीवर सा मानसं हायत. ती म्हनतात, तिच्या हातची मासली कोन घेल? पाटील म्हनतो, सुरूच्या बनात खोपटं बांध. बांधलंय मी. चांगलं बांधलंय.”

“आणि शकू?”

“माझ्या आयशीकडं.”

खोपटात ती एक पावसाळाही राहिली नाही. १९३२च्या मे महिन्यात एक दिवस बोचके घेऊन ती आमच्या वाडीत आली आणि भागुबाईच्या शेजारी बसून झावळ्या विणू लागली. तिला कोणी राहा म्हटले नाही आणि जा म्हटले नाही. मांडवामागच्या खोलीच्या पुढे एक पडवी काढली, तिथे ती राहू लागली. हिरामण सुरुवातीला गुरुवारी यायचा, गडग्यावर केळीच्या पानात मासळी ठेवून जायचा. बोंबील, कधी पापलेट. मग महिन्यातून एकदा. १९३३ साली त्याने दुसरे लग्न केले. ते कळल्यावर ठमीने भागुबाईला एवढेच विचारले, “तिच्या बांगड्या दिल्या का दर्याला?” भागुबाई म्हणाली, “दिल्या.” “मंग बरं,” ठमी म्हणाली आणि उकळलेल्या सुया चिमट्याने मोजू लागली.

बांगड्या मोजायचे मी सोडून दिले होते. वहीत आता नसेसाठीही उजवा आणि डावा असे दोन वेगळे रकाने होते आणि रेघ ओढायला ह्यांनी बंदी केली होती. पाहिले नसेल तर ‘पाहिले नाही’ असे अक्षरांत लिहायचे. पण माझा हात बिचकू लागला. कोपर दाबताना मी चेहऱ्याकडे पाही आणि कोणाच्याही चेहऱ्यावर विश्वास बसत नसे. ठमी हे झावळ्या विणता विणता पाहत असावी. एका गुरुवारी ती उठून माझ्या पाटाशेजारी येऊन बसली.

समोर येसाजी म्हणून आतल्या गावचा एक शेतकरी होता. एरवी पुरुषांना हे पाहत, पण त्या दिवशी ते एका अडलेल्या बाळंतिणीकडे गेले होते. येसाजीची भातलावणी राहिली होती आणि त्याला घरी जायची घाई होती. मी कोपर दाबले. तो म्हणाला, “काय न्हाय, बरं हाय.” चेहरा अगदी दगडासारखा.

“तोंड बरं हाय,” ठमी म्हणाली. “पायाचा आंगठा बघा त्याचा. खेकड्यावानी वळलाय.”

मी खाली पाहिले. खरेच, अंगठा जमिनीत रुतला होता.

“तू कोण गं?” येसाजी उसळला. “वाकड्या हाताची बया मला शिकवती!”

“वाकडा हाय म्हनून तर शिकवते,” ठमी म्हणाली. “सरळ असता तर बाजारात असते, तुझ्यासारक्याचं थोबाड कशाला बघत बसले असते? घे, ही पात धर.”

तिने नारळाच्या झावळीची एक हिरवी पात तोडली होती. ती येसाजीच्या करंगळीत आणि शेजारच्या बोटात धरायला लावली आणि स्वतःच्या डाव्या हाताने ओढली. पात सुळ्ळकन निसटली. दुसऱ्या हातात धरायला लावली, तेव्हा तिला दोनदा हिसडा द्यावा लागला. “बघ,” ती म्हणाली. “येक हात सांगतो बरं हाय, दुसरा सांगतो मी चाललो.” मग माझ्याकडे वळून, “तीव्र ल्हिवा, बाय.”

मी तीव्र लिहिले. येसाजीला खोलीत निजवले. तिसऱ्या दिवशी त्याचे कोपर लाल झाले, म्हणजे तिचे बरोबर होते. सहा आठवड्यांनी तो दोन्ही हात धड घेऊन गेला. जाताना त्याने ह्यांच्या पायाला हात लावला. ठमीच्या बाजूने जाताना मात्र चार पावले लांबून गेला.

तेव्हापासून गुरुवारी ठमी माझ्या डावीकडे बसायची. “दोनी हात म्होरं,” हे तिचे पहिले वाक्य. कोणी पदरात हात गुंडाळला की ती म्हणायची, “काढ बाहेर, तुझी गोष्ट मना ठावं हाय.” ती पायाच्या बोटांकडे पाही, मी चेहऱ्याकडे, आणि पातीचा जोर दोघी मिळून ठरवू. वहीतल्या ‘नस’ ह्या रकान्यात मी तिचे शब्दही लिहू लागले: ‘पात लगेच सुटते’, ‘पात धरते पण थरथरते’. हे ती पाने वाचताना ‘ठमीचे मत’ कुठले ते ओळखत. १९३४च्या वहीत तीव्र म्हणून सुई थांबवलेले बावीस रोगी आहेत. सगळ्यांचे हात वाचले नाहीत. काही खोलीत राहायला तयार झाले नाहीत, काही उशिरा आले. एक बाई तर ठमीने तीव्र म्हटल्यावर तिच्याच तोंडावर थुंकली आणि चालती झाली. ठमीने पदराने तोंड पुसले. “ही मीच हाय,” ती म्हणाली. “तीन वर्सांमागली.”

एकदा मी तिला ती जुनी वही दाखवली. तिला वाचता येत नव्हते. मी बोट ठेवून सांगितले, “ह्या तुझ्या ओळी. ह्या रेघा तुझ्या उजव्या हाताच्या. माझी चूक झाली.”

तिने रेघा बराच वेळ पाहिल्या. “तुमी ल्हिलं ते मीच सांगितलेलं,” ती म्हणाली. मग वही माझ्याकडे सरकवून, “पन तुमी इचारायला पायजे व्हतं. मी खोटं बोलले असते, तरी इचारायला पायजे व्हतं.”

मी ती वही मिटून जागेवर ठेवली. 

१९३५च्या पावसाळ्यात भागुबाई वारली, साध्या तापाने. त्याच साली ठमीचे अंग पुन्हा पेटले, ह्या वेळी डोळ्यांत. सकाळीच ती माझ्यापुढे येऊन बसली आणि म्हणाली, “तीव्र. न बघता ल्हिवा.” मी न पाहता लिहिले नाही, पाहून लिहिले. तीव्रच होते. डावा डोळा अधू झाला तो झालाच. शकूचे लग्न पुढच्या माघात झाले. ठमीला बोलावणे नव्हते. तिने त्या दिवशी वाडीतल्या सगळ्या पोफळींच्या आळ्यांना पाणी घातले.

तिच्या डाव्या हातातल्या बांगड्या मात्र होत्या. एखादी पिचली की ती मला सांगायची. गावातला कासार तिचा हात धरत नसे. मग मी त्याच्याकडून हिरव्या बांगड्या आणून, साबण लावून, स्वतः तिच्या हातात भरत असे. ह्या कामात मी तरबेज झाले होते.

मंगळवार, १७ नोव्हेंबर १९३६. दुपारी कोळीवाड्यातून एक माणूस आला आणि गडग्याबाहेरून सांगून गेला की हिरामण गेला. समुद्रात नव्हे, घरात, हिवतापाने, पाच दिवसांत. ठमीने घरी येऊ नये, असाही निरोप होता. जे करायचे ते आमच्या वाडीतच करावे.

ठमी पडवीत बसली होती. रडली नाही. म्हणाली, “दर्यानं शब्द पाळला बघा, बाय. दर वख्ताला परत पाठवला.”

मी तिच्याजवळ बसून राहिले. ऊन पोफळींतून खाली उतरत होते. मग तिने डावा हात पुढे केला आणि उजव्या हाताने अंगणातला एक दगड उचलायचा प्रयत्न केला. अंगठा आणि दोन बोटांत तो क्षणभर राहिला आणि सुटला. तिने पुन्हा उचलला. पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा तिने उचलला नाही.

“ह्यो धरत न्हाय,” ती म्हणाली. “भागूमावशी असती तर तिनं केलं असतं. तुमी करू नका, तुमी सवाशीण हाव. तुमी फक्त दगड धरा. हात मी आपटते.”

मी स्वयंपाकघरातून वरवंटा आणला. पडवीच्या जोत्यावर आडवा ठेवून दोन्ही हातांनी घट्ट धरला. तिने मनगट त्यावर आपटले. पहिल्या खेपेला चार फुटल्या. मी डोळे मिटले नाहीत. ते मी त्या दिवशी ठरवले होते. सगळ्या मिळून नऊ होत्या, सगळ्या मीच भरलेल्या. शेवटची फुटेना, ती तिने दातांनी ओढून काढली आणि वरवंट्यावर ठेवून पायाच्या टाचेने फोडली. काचेने मनगटाला दोन ठिकाणी कापले. तिला दुखले का ते मी विचारले. “न्हाय,” ती म्हणाली. डाव्या हातालाही आता फारसे कळत नव्हते.

तिने दोन्ही हात मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. एक सरळ, एक वळलेला, दोन्ही मोकळे. ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मी जखमांना टिंक्चर लावले, पट्टी बांधली आणि काचा सुपात गोळा केल्या.

“गुरुवारी सुया कोन उकळणार?” तिने विचारले. “मी उठते की न्हाय ठावं न्हाय.”

मी म्हटले, “मी उकळीन.”

त्या संध्याकाळचे पान माझ्यासमोर आहे. हिरामण गेल्याचे लिहिले आहे, वेळ लिहिली आहे, बांगड्या नऊ असे लिहिले आहे. रेघ कुठे ओढलेली नाही. त्याखाली एवढेच आहे: वरवंटा दोनदा धुऊन जागेवर ठेवला. परवाच्या बिरड्यासाठी वाल भिजत घातले.